नव्या पिकअपची कैफियत

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या सकाळी झेंडूचा हार घातलेली, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखलेली आणि चाकाखाली लिंबू चिरडून विक्रेत्याच्या आवारातून बाहेर काढलेली नवी पिकअप गाडी नारायणगाव, पिंपळगाव बसवंत किंवा सांगोले यांच्या आसपासच्या एखाद्या वस्तीवर जेव्हा येऊन उभी राहते, तेव्हा तिच्यामागोमाग तारणगहाणाचा दस्त, दरमहाच्या हप्त्यांचे कोष्टक, विम्याचा कागद आणि हमीच्या अटींची, बहुधा कोणीच अथपासून इतिपर्यंत न वाचलेली, पुस्तिका हीही त्या घरात प्रवेश करतात. पेढे वाटून होतात, शेजारीपाजारी हौद्यावरून हात फिरवून ‘पासिंग किती?’ एवढे विचारून जातात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी मालाला लागते. खासगी मोटारीच्या वाट्याला येणारे नवलाईचे नऊ दिवस हिच्या नशिबी नसतात. कारण पहिला हप्ता महिनाभरात दारात उभा राहणार असतो आणि तो गाडीनेच मिळवायचा असतो.

म्हणूनच नव्या पिकअपच्या बारीकसारीक दोषांची चर्चा करताना एक गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. दोष किरकोळ की गंभीर, हे कारखानदार सुट्या भागाच्या किमतीवरून ठरवतो, तर मालक तो बुडालेल्या बाजारावरून ठरवतो. काहीशे रुपयांचा एक संवेदक बिघडला, आणि तो वर्कशॉपात शिल्लक नसल्यामुळे गाडी तीन दिवस उभी राहिली, तर त्या तीन दिवसांत तोडलेला टोमॅटो दुसऱ्याच्या गाडीने, दुसऱ्याच्या दराने बाजारात जातो, आणि हप्त्याची तारीख मात्र जागची हलत नाही. मालकांच्या तक्रारी ऐकताना कित्येकदा त्यांच्या त्राग्याचे प्रमाण दोषाच्या मानाने अवास्तव वाटते. तो त्रागा दोषाचा नसून दिवसाचा असतो, हे कळले म्हणजे तो अवास्तव वाटेनासा होतो.

या जातीच्या वाहनांचा आपल्याकडील इतिहास फार जुना नाही. बजाज टेम्पो कंपनीने जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५८पासून तीनचाकी मालवाहू गाड्या काढल्या आणि पुढली कित्येक वर्षे गावोगावचा फुटकळ माल त्यांनी वाहिला. २००५च्या मे महिन्यात टाटा मोटर्सने दोन सिलिंडरांची, पाऊण टन माल वाहणारी ‘एस’ गाडी आणली. तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव लोकांनी बहाल केले आणि तीनचाकी टेम्पोचे राज्य हळूहळू संपुष्टात आले. त्या हत्तीला न पेलणारा भार वाहण्यासाठी एक टनापासून दोन टनांपर्यंतच्या पिकअप गाड्या आज महिंद्र, टाटा, अशोक लेलँड अशा अनेक कारखान्यांतून येतात. मोटार वाहन कायद्याने तीन हजार किलोंपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला वाहतूक-परवान्याच्या बंधनातून सूट दिली आहे, आणि साडेसात हजार किलोंपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या साध्या चालक-परवान्यावर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४च्या नोव्हेंबरात शिक्कामोर्तब केले. शेतकऱ्याचा मुलगा आपलाच माल आपल्याच गाडीतून वाशीच्या बाजारात नेऊ लागला, त्यामागे या सवलतींचाही हात आहे.

आता पासिंगकडे वळू. कारण नव्या गाडीविषयीच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तेथेच सापडते. गाडीचे एकूण मान्य वजन आणि तिचे स्वतःचे वजन यांतील अंतर म्हणजे तिची वहनक्षमता, म्हणजेच बोलीतले पासिंग. हा हिशेब कागदावर सरळ आहे. समजा, ती क्षमता दीड हजार किलो आहे. टोमॅटोचे एक कॅरेट वीस किलोंचे, रिकाम्या कॅरेटचे दोन किलो धरले तर बावीस किलोंचे. म्हणजे अडुसष्ट कॅरेट भरली की पासिंग संपले. प्रत्यक्षात हौद्यावर जाळीची उंच बॉडी बांधलेली असते, तिचे वजन त्यातूनच वजा होते. केबिनीत चालकाशेजारी मालक आणि हमाल बसतात, तेही वजनशून्य नसतात. आणि ताडपत्री, दोरखंड हा सरंजाम वेगळाच. तरीही शंभर कॅरेट चढतात. भाडे कॅरेटवर मिळते, दुसऱ्या खेपेचे डिझेल वाचते, आणि शेजारच्याची तशीच गाडी एकशे दहा घेऊन गेलेली सर्वांनी पाहिलेली असते. काट्यावर पकडले गेल्यास २०१९च्या सप्टेंबरपासून वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. परंतु दंड हा पकडल्यावर होतो आणि भाडे रोज मिळते, हा व्यवहार मालकाला तोंडपाठ असतो.

या भाराचा पहिला आघात होतो तो पाट्यांवर. पिकअपच्या मागच्या बाजूला मोटारीसारखी गुंडाळी-स्प्रिंग नसते, एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. भार वाढला की वरचे पाटे खालच्या मदतनीस पाट्यांना टेकतात आणि ओझे वाटले जाते. ही रचना भरल्या गाडीसाठी आहे. रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उडते, दणके थेट मणक्याला पोचतात, आणि मोटारीतून पिकअपकडे वळलेला नवा मालक पहिल्याच आठवड्यात ‘गाडी कडक आहे’ अशी तक्रार घेऊन जातो. ती तक्रार नव्हे, तो गाडीचा धर्म आहे. काही काळाने पाट्यांतून कुरकुर ऐकू येऊ लागते. तीही बहुधा धुळीची आणि पाटे एकमेकांवर घासल्याची असते. तिच्यावर उपाय म्हणून जुने ऑइल किंवा डिझेल फवारण्याचा गॅरेजांचा जुना शिरस्ता आहे. आवाज दोन दिवस थांबतो खरा, पण त्या तेलाने शॅकलमधील रबरी बुश फुगतात आणि मरतात, मग खरी ठकठक सुरू होते. नव्या गाडीच्या बाबतीत खरोखर करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे: पहिल्या काही भरल्या खेपांनंतर पाटे आसाला आवळणारे यू-बोल्ट एकदा तपासून पुन्हा कसून घ्यावे लागतात, कारण नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतात. पहिल्या सर्व्हिसिंगला हे काम सांगावे लागते, आणि झाले की नाही ते खाली वाकून पाहावे लागते.

पाट्यांचा याहून गंभीर मामला असा की, शंभर कॅरेटांखाली गाडी बसते असे दिसले की मालक पाटेवाल्याकडे जाऊन प्रत्येक बाजूला एकेक जादा पाटा टाकून घेतो. गाडी उंच उभी राहते, मालक समाधान पावतो. परंतु अनेक पिकअप गाड्यांत मागच्या आसाजवळ एक लहानसा झडप-यंत्रभाग असतो, जो हौदा किती खाली आला आहे यावरून भार ओळखतो आणि त्या मानाने मागच्या ब्रेकांना कमीअधिक दाब पुरवतो. रिकाम्या गाडीचे मागचे चाक ब्रेक दाबताच जाम होऊन घसरू नये, यासाठी ती योजना. जादा पाट्यामुळे हौदा खाली येईनासा झाला, म्हणजे त्या बिचाऱ्या झडपेची समजूत गाडी हलकी आहे अशीच राहते, आणि नेमक्या भरल्या गाडीला मागच्या ब्रेकांचा पुरता दाब मिळत नाही. मग ‘नव्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत’ ही फिर्याद घेऊन मालक वर्कशॉपात येतो. मेस्त्री लायनर पाहतो, हवा काढतो, सर्व ठीक असल्याचे जॉब कार्डावर लिहितो. जादा पाट्याविषयी त्याला कोणी सांगत नाही, आणि त्याने तो पाहिला तरी हमी रद्द होण्याचा विषय नको म्हणून तोही कधीकधी गप्प बसतो. ब्रेकांच्या बाबतीतला हा परस्पर संकोच मला त्या भारापेक्षाही घातक वाटतो.

आणि आता डॅशबोर्डावरच्या त्या पिवळ्या दिव्याकडे येऊ, ज्याच्याविषयी बाजाराच्या आवारात रात्री लिलावाची वाट पाहत थांबलेले चालक जितके बोलतात तितके भावाविषयीही बोलत नसतील.

१ एप्रिल २०२०पासून देशात ‘भारत स्टेज सहा’ ही उत्सर्जनाची मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत पन्नासवरून दहावर आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी बसली. ही गाळणी म्हणजे सच्छिद्र सिरॅमिकचा एक दंडगोल असतो. त्यातील अरुंद नळ्यांची तोंडे आळीपाळीने बंद केलेली असतात, त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी मागे उरते. मागील पिढीच्या टेम्पोमागून सायकलवर जाणाऱ्या माणसाचे तोंड काळे होत असे, ते आता होत नाही, हे या गाळणीचे उपकार. पण अडवलेली काजळी कोठेतरी जायला हवी. गाडी महामार्गावर एका लयीत बराच वेळ धावली तर धूर पुरेसा तापतो आणि काजळीचा काही भाग आपोआप जळतो. तसे न झाल्यास इंजिनाचा संगणक मुद्दाम थोडे जादा डिझेल सोडून गाळणीचे उष्णतामान सुमारे सहाशे अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. या दहनाला सलग पंधरा-वीस मिनिटांची धाव लागते.

गोम आहे ती येथे. जी गाडी शेतातून गावात, गावातून उपबाजारात, तेथून पेट्रोलपंपावर आणि परत वस्तीवर, अशी दर खेपेला चारपाच किलोमीटर फिरते, जी वजनकाट्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहते, तिची काजळी साचत जाते आणि दहन सुरू झाले की मुक्काम येतो. चालक चावी फिरवून उतरतो, दहन अर्धवट राहते. असे चारदा झाले की दिवा पेटतो; दिव्याकडे दुर्लक्ष केले की संगणक इंजिनाची ताकद आवळतो आणि गाडी चढणीवर कशीबशी सरकू लागते. “गाडी नवी, रनिंग जेमतेम, आणि दिवा पेटला की छातीत धस्स होतंय बघा,” असे एक तरुण मालक मला म्हणाला, तेव्हा त्याच्या गाडीत तांत्रिक अर्थाने काहीही बिघडलेले नव्हते. तिला केवळ ओतूरच्या पुढे आळेफाट्यापर्यंत एकदा न थांबता धावायचे होते.

हे त्याला गाडी ताब्यात देताना कोणी सांगितले नव्हते काय? सांगितले असावे. परंतु त्या दिवशी आवारात पूजा चालू होती, फोटो निघत होते, दाखल्यांवर सह्या होत होत्या, आणि विक्रेत्याच्या प्रतिनिधीने पाच मिनिटांत डॅशबोर्डावरील सर्व दिव्यांची ओळख एका दमात करून दिली होती. पुस्तिकेत हा मजकूर असतो. पण तो अशा मराठीत असतो की तिच्यापेक्षा जुने खरेदीखत सुबोध म्हणावे. या बाबतीत मालकाला दोष देण्यास माझे मन घेत नाही. ज्या वाहनाच्या वागणुकीत एवढा मूलभूत बदल झाला, त्याची माहिती पेढ्यांच्या गडबडीत देणे हा कामचुकारपणा आहे, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

अर्धवट दहनाचा एक दुष्परिणाम दिव्यापेक्षाही छुपा आहे. गाळणी तापवण्यासाठी सोडलेल्या जादा डिझेलातील काही अंश, विशेषतः दहन पुनःपुन्हा तुटत राहिल्यास, सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन-ऑइलमध्ये मिसळतो. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. जुन्या चालकाला ऑइल वाढलेले पाहून आनंद होतो, “नवं इंजिन ऑइल खात नाही” असे तो अभिमानाने सांगतो. वस्तुतः ते पातळ झालेले असते आणि लवकर बदलण्याजोगे असते. शिवाय हे ऑइलही विशिष्ट हवे. काजळी जळून जाते, परंतु ऑइलमधील क्षारद्रव्यांची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची वस्तीला येते. म्हणून या इंजिनांना कमी राख सोडणारे ऑइल सांगितलेले असते. हमीची मुदत संपायच्या आधीच वर्कशॉपचा दर परवडत नाही म्हणून नाक्यावरच्या दुकानातून कॅनमधले स्वस्त ऑइल भरणारा मालक दर वेळी काही रुपये वाचवतो, आणि दोन-तीन वर्षांनी संपूर्ण गाळणीची किंमत ऐकून मटकन खाली बसतो.

काही गाड्यांत या गाळणीच्या जोडीला युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे निष्प्रभ करण्यासाठी शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया विरघळवलेले हे द्रावण धुराच्या मार्गात फवारले जाते. ते संपत आले की गाडी आधी सूचना देते, मग ताकद कमी करते, आणि टाकी कोरडी पडल्यावर काही गाड्या बंद केल्यानंतर पुन्हा सुरू होण्यास नकार देतात. आता ज्याच्या गोठ्यात खताच्या युरियाची गोणी पडलेली आहे, त्याच्या मनात कोणता विचार येईल हे सांगायला नको. बादलीत विहिरीचे पाणी घेऊन हा प्रयोग केलेल्यांच्या हकिकती कानी येतात. शेतीचा युरिया २०१५पासून निंबोळी-तेलाचे लेपन केलेला असतो, विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, आणि या दोहोंच्या संयोगाने फवाऱ्याचे तोंड व पुढचा उत्प्रेरक दोन्ही खराब होतात. असे नुकसान हमीत बसत नाही, हे ओघानेच आले.

डिझेलची गोष्टही याच जातीची. ट्रॅक्टरसाठी पिंपात साठवलेले डिझेल जुन्या इंजिनाने निमूटपणे पचवले असते. आजच्या इंजिनात ते हजारो पौंडांच्या दाबाने अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते, आणि पिंपाच्या तळाशी साचलेले चमचाभर पाणीही तेथे खपत नाही. त्यासाठी फिल्टरच्या तळाशी पाणी साचल्याची सूचना देणारा संवेदक असतो आणि एक लहान स्क्रू सैल करून ते काढून टाकता येते. पावसाळ्यात हा दिवा पेटला की घाबरण्याचे कारण नाही, मात्र तो पेटलेला असताना पन्नास किलोमीटर गाडी दामटण्याचेही नाही.

क्लचविषयी थोडक्यात सांगायचे तर, बाजाराच्या आवारात भरली गाडी गाळ्याला मागे लावताना, चढावर रांगेत ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर उभी करताना, आणि बांधावरच्या चिखलातून रेटताना जो जळका वास येतो, तो कारखान्याचा दोष नव्हे. क्लच-प्लेट, ब्रेक-लायनर, वायपरची पाती हे झिजणारे जिन्नस बहुतेक हमीपत्रांत वगळलेलेच असतात. माळशेज किंवा कसारा उतरताना मात्र जुन्या ड्रायव्हरांचा नियम नव्या गाडीलाही शंभर टक्के लागू आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा.

उंदरांचा उपद्रव हा विषय हास्यास्पद वाटतो, जोवर तो आपल्या गाडीला होत नाही. हौद्यात राहिलेला कांद्याचा पाला, फुटलेला टोमॅटो, धान्याचे दाणे, आणि शेजारी कांद्याची चाळ. थंडीच्या रात्री नुकतेच बंद केलेले उबदार इंजिन. उंदराला यापेक्षा सुखाचे स्थान मिळणे कठीण. तो तारांचे वेष्टन कुरतडतो, सकाळी डॅशबोर्डावर तीन निरनिराळे दिवे एकदम लागतात, आणि मालक ‘इलेक्ट्रॉनिक गाड्या बेकार’ असा निर्वाळा देतो. हौदा रोज झाडणे आणि गाडी चाळीपासून दूर लावणे यापलीकडे खात्रीचा इलाज मला ठाऊक नाही. तंबाखूच्या पुड्या आणि डांबराच्या गोळ्या यांचे यश व्यक्तिपरत्वे, म्हणजे उंदीरपरत्वे, बदलते.

कोकणातले दुःख निराळे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यात बर्फ वितळून खारे पाणी साचते, फाळक्याच्या बिजागरीतून चॅसीवर ठिबकते, आणि पहिल्या पावसाळ्यातच सांध्यांवर तांबूस रेषा उमटतात. हौद्याचा रंग तर कॅरेट आणि टोपल्या ओढून कोठेही आठवड्याभरात खरवडला जातो; त्यावर हळहळण्यात अर्थ नाही, पण उघडा पडलेला पत्रा वेळीच रंगवून घेणे आणि दर खेपेनंतर गोड्या पाण्याने खालूनही गाडी धुणे, एवढे केले तरी गाडीचे आयुष्य वाढते.

बाकीच्या तक्रारी फुटकळ आहेत. वेग ऐंशी किलोमीटरच्या पुढे जात नाही, असे सांगणाऱ्याला ती मर्यादा कायद्याने घातली आहे, हे समजले की तो गप्प होतो. केबिनीत उकडते, ही तक्रार खरी आहे. साडेतीन टनांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या नव्या ट्रकांना ऑक्टोबर २०२५पासून वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, बहुतेक पिकअप तेवढ्या त्या रेषेच्या जेमतेम खाली राहिल्या. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात दुपारी डाळिंब वाहणाऱ्या चालकाचा घाम मात्र ट्रकवाल्याच्या घामापेक्षा कमी नसतो. दाराची रबरपट्टी, आरशाचा थरथराट, हॉर्नचा गंजलेला आवाज यांवर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

हमीची मुदत हे प्रकरण मात्र नीट समजून घेण्याजोगे आहे. ती ‘इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते’ अशी असते, आणि मालकाच्या डोक्यात फक्त वर्षे राहतात. रोज दोनशे किलोमीटर आणि वर्षात तीनशे दिवस चालणारी गाडी साठ हजार किलोमीटर करते. म्हणजे तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटरची हमी वीस महिन्यांतच आटोपते. म्हणून जो दोष पहिल्या वर्षी जाणवला, तो ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून पुढे ढकलणे परवडत नाही. तो तोंडी सांगूनही भागत नाही. जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहवून घ्यावी आणि तिची प्रत मागून घ्यावी. “मालक, गाडी घेऊन जा, झालंय काम” या वाक्यावर विसंबून परतलेल्या माणसाजवळ तोच दोष पाचव्यांदा उद्भवल्यावर दाखवायला एकही कागद नसतो, आणि मग दोष जुना की नवा, यावरच वाद चालतो.

कागद असेल, तर दाद मागण्याची सोयही आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे पिवळ्या पाटीची गाडी घेणारे पुष्कळ जण ग्राहक आयोगाची पायरीच चढत नाहीत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र स्पष्टच म्हटले आहे की, केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच समजावा. एकच गाडी घेऊन ती स्वतः चालवणारा शेतकरीपुत्र या व्याख्येत बसू शकतो. दहा गाड्यांचा ताफा बाळगून ड्रायव्हर ठेवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला तो मार्ग अवघड जातो. गाडीसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांच्या आत असल्याने दावा जिल्हा आयोगातच दाखल होतो, मुंबई गाठावी लागत नाही.

एवढे सारे सोसूनही एखादा मालक आपली गाडी विकायला निघाला आहे, असे मात्र क्वचितच आढळते. शिव्या देणारा तोच माणूस पाहुण्याला त्याच गाडीची शिफारस करतो, फक्त बरोबर चार सूचना जोडतो: दिवा पेटला की महामार्गावर काढ, जादा पाटा टाकू नकोस, ऑइल पुस्तिकेतलेच घाल, आणि घेण्याआधी तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतात का ते विचार. यांतली शेवटची सूचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते. गाडीची जाहिरात मायलेज आणि ताकद सांगते. गाडी किती दिवस उभी राहील, हे सुट्या भागांच्या कपाटावर अवलंबून असते, आणि ते कपाट जाहिरातीत नसते.

अलीकडे या गप्पांत आणखी एक विषय शिरला आहे. टाटांनी २०२२मध्ये ‘एस’चा विजेवर चालणारा अवतार आणल्यापासून इतरांचीही चाहूल लागली आहे. त्या गाड्यांत काजळीची गाळणी नाही, युरियाची टाकी नाही, डिझेलमधले पाणी नाही आणि जळणारा क्लचही नाही, हे ऐकून ज्यांना या चारींनी छळले आहे त्यांचे डोळे चमकतात. मग कोणीतरी विचारतो की, भरल्या हौद्याने वाशी गाठून, रात्री माल उतरवून, रिकामी गाडी माळशेज चढून एका चार्जिंगवर घरी येईल काय. त्यावर शहरात पार्सले वाटणारा एखादा सांगतो की त्याचे दिवसाचे रनिंग ठरलेले असते, त्याला अडचण येत नाही. टोमॅटोवाला मान हलवतो, ‘आणखी दोन वर्षं बघू’ म्हणतो, आणि लिलाव पुकारला गेल्यामुळे बोलणे तेथेच राहते.